गाणं, नाच, हशा आणि एकच दम

संगीत विनोदी नाटकातल्या नटीला गायचं असतं, नाचायचं असतं आणि विनोद वेळेवर पोचवायचा असतो. यातलं एकेक काम उत्तम करणाऱ्या मुली आपल्याकडे भरपूर आहेत. पण तिन्हींना लागणारा दम एकाच छातीतून काढायचा, तोही शनिवारी दोन आणि रविवारी दोन प्रयोग करत आणि मधली रात्र बसमध्ये काढत, हे वेगळं शिकावं लागतं. गाण्याच्या क्लासात ते शिकवत नाहीत, कारण तिथे बसून गातात. अभिनयाच्या शिबिरातही शिकवत नाहीत, कारण तिथे कुणी चार मिनिटं नाचून मग संवाद म्हणत नाही. म्हणून दौऱ्याचा सगळा हिशेब इथे दमाच्या अंगाने मांडते आहे.

हा नाट्यप्रकार आपल्याकडे जुना आहे. देवलांचं 'संशयकल्लोळ' गंधर्व मंडळीने १९१६ साली संगीत रूपात रंगमंचावर आणलं. त्यातल्या नायिकेला, रेवतीला, पदंही म्हणायची आणि संशयी फाल्गुनरावाच्या गोंधळात स्वतःचा तोलही राखायचा. पण तिला गाताना नाचायचं नव्हतं, आणि ऑर्गन-तबला तिच्या मागून चालत होता. तमाशात बाई नाचायची, गायची, बतावणीत हजरजबाबही द्यायची, पण तिथेही ढोलकी तिच्याकडे बघून थांबत होती. आज दौऱ्यावर वादक नेणं परवडत नाही, म्हणून बहुतेक नाटकं ध्वनिमुद्रित ट्रॅकवर चालतात. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

सुरुवात पट्टीपासून. तालमीच्या खोलीत, ताज्या आवाजात, जी पट्टी छान वाटते ती दौऱ्याची पट्टी नव्हे. पेटीच्या काळी पाच पट्टीत तार सप्तकातला गंधार तालमीत सहज लागतो. तोच गंधार चौथ्या प्रयोगाच्या दुसऱ्या अंकात, नाचून झाल्यावर, ओढून लावावा लागतो, आणि ओढून लावलेला स्वर पहिल्या रांगेतही कळतो. म्हणून पट्टी ठरवताना आधी दोन मिनिटं जागच्या जागी धावायचं आणि लगेच अंतरा म्हणायचा. त्या अवस्थेत जिथे सहज लागतं ती आपली पट्टी. बहुतेकींची अर्धा स्वर खाली येते, म्हणजे काळी पाचवरून पांढरी सहाला. काहींची काळी चारपर्यंत उतरते. यात कमीपणा काही नाही. विनोदी गाण्यात शब्द कळणं स्वराच्या उंचीपेक्षा महत्त्वाचं असतं, आणि उंच स्वरावर शब्द पुसट होतातच. ट्रॅक मात्र नव्या पट्टीत पुन्हा वाजवून घ्यायला सांगा. यंत्रावर पट्टी ओढली की ढोलकीचा आवाज फुसका होतो. संगीतकार स्टुडिओत असतानाच मूळ आणि अर्धा स्वर खालची अशी दोन मुद्रणं करून घेतली तर फारसा जादा वेळ जात नाही. नंतर तेच काम महिनोन्महिने रखडतं.

नाच आणि गाणं जिथे जोडले जातात तो सांधा नृत्यदिग्दर्शकासोबत बसून ठरवावा लागतो. नाचाचा तुकडा संपल्यासंपल्या नटीने अंतरा उचलायचा, असं कागदावर सोपं दिसतं. पण मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन चार सेकंदांत संपतं, आणि धाप लागलेल्या माणसाला चार सेकंद पुरत नाहीत. दोन आवर्तनं, म्हणजे आठ सेकंद मिळाली तर चालतं. त्या आठ सेकंदांत हालचाल समूहाने करायची आणि नायिकेने एक ठसठशीत पोझ घ्यायची. पोझमध्ये हात डोक्यावर नकोत, त्याने बरगड्या ताणलेल्या राहतात. हात कमरेवर चालतात. पहिले दोन श्वास तोंडाने पूर्ण बाहेर सोडायचे. धाप लागली की आपण श्वास आत ओढत राहतो, आणि भरलेल्या छातीत नवी हवा मावत नाही. तिसऱ्या श्वासाला ओळ उचलायची. शिवाय अंतऱ्याची पहिली ओळ आखूड असावी, हे गीतकाराला आधीच सांगावं. दहा मात्रांची लांब ओळ तिथे ठेवली की शेवटचं अक्षर दर प्रयोगाला गळतं, आणि विनोदी गाण्यात गंमत बहुतेक वेळा शेवटच्या अक्षरातच असते.

आता हशा. हशा हा नटीचा विसावा असतो. प्रेक्षक हसतात तेवढा वेळ आपल्याला श्वास मिळतो. नवख्या नट्या तो वाया घालवतात, कारण हशा सुरू होताच पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडतं. हशा चढतो, शिगेला पोचतो, उतरतो. तो उतरायला लागून साधारण तिसरा हिस्सा उरला की वाक्य उचलायचं. पूर्ण शांत होण्याची वाट पाहिली तर पुढचा विनोद शून्यातून सुरू करावा लागतो. उचलताना पहिला शब्द हमखास बुडतो, म्हणून वाक्याच्या तोंडाशी 'अहो', 'अगं', 'पण काय हो' असा बुडाला तरी चालेल असा शब्द ठेवावा. लेखकाची परवानगी घेऊन तो संहितेतच लिहून टाका, म्हणजे रिप्लेसमेंटला येणारी मुलगीही तो म्हणेल.

ट्रॅक आणि हशा यांचं मात्र भांडण ठरलेलं. विनोद झाला, गाण्याचा पीस सुरू झाला, आणि एखाद्या गावात हशा नेहमीच्या दुप्पट लांबला, की मुखड्याची पहिली ओळ हशाखाली गाडली जाते. ती ओळ कळली नाही की अख्खं गाणं कशावर आहे हेच कळत नाही. यावर उपाय असा की गाण्याआधी चार किंवा आठ मात्रांचा तुकडा फिरता ठेवायचा. ध्वनिसंयोजक तो हवा तितका वेळ फिरवतो, आणि नटीने ठरलेली खूण केली की मुखड्यावर सोडतो. खूण शब्दाची नको, हालचालीची हवी: पदर खोचणं, वळणं, पाय आपटणं. शब्द हशात त्यालाही ऐकू येत नाही. वन्समोअरचंही असंच आहे. वादक असताना तो सहज देता यायचा. ट्रॅकवर द्यायचा असेल तर शेवटचा अंतरा आणि मुखडा यांची वेगळी फाइल तयार ठेवावी लागते, आणि ती कुणाच्या इशाऱ्यावर वाजवायची हे आधी ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर नाचाच्या गाण्याला वन्समोअर देऊच नये. बैठ्या गाण्याला जरूर द्यावा. नाचाच्या गाण्याला दिलेला वन्समोअर पुढच्या प्रवेशातला दम खातो, आणि पुढचा प्रवेश संवादांवर चालणारा असेल तर तो बसतो.

ॲडिशनबद्दलही, म्हणजे संहितेबाहेरच्या आयत्या वेळच्या वाक्याबद्दलही थोडं. दौऱ्यात प्रत्येक गावाचं नाव घालून एखादी ॲडिशन घेण्याचा मोह होतो. घ्यावी, पण फिरत्या तुकड्यात किंवा निव्वळ संवादाच्या प्रवेशात. ट्रॅक सरळ चालू असताना घेतलेली ॲडिशन समोरच्या नटाची ओळ खाते, आणि ती ओळ तो पुन्हा म्हणू शकत नाही.

गाताना ताल का सुटतो, याचं कारण अनेकदा नटीत नसून सभागृहात असतं. ट्रॅक प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून वाजतो. मागची भिंत ३० मीटरवर असेल तर तिथून परत येणारा आवाज आपल्यापर्यंत यायला साधारण ०.१७ सेकंद लागतात. आधी सांगितलेल्या १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे आपण मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याने मागे ऐकत असतो आणि मागेच गातो. म्हणून दोन्ही विंगांत, रंगमंचाकडे तोंड करून, एकेक मॉनिटर हवाच. तो नाट्यगृहात मिळेल या भरवशावर राहू नये. दोन लहान स्पीकर नाटकाच्या सामानात असले की प्रश्न मिटतो. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज कमी आणि ताल व सूर जास्त मागावा.

माइकची जागा फार महत्त्वाची. हेडसेटचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं मागे, गालावर. ओठांसमोर आलं की प, फ, भ फुटतात. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून माइक उजव्या गालावर घ्यायचा आणि उजव्या कानात लोंबतं काही घालायचं नाही, कुडी चालते. नथ दाबाची असेल तर हलकी निवडा. जड नथ नाकपुडी मिटवते, मग श्वास तोंडाने घ्यावा लागतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत घसा कोरडा पडतो. वायर मानेमागे चिकटपट्टीने बसवताना हनुवटी छातीला लावून, दोन्ही खांद्यांकडे वळून बघा, तेवढी ढील ठेवा. माइकची डबी, म्हणजे ट्रान्समीटर, इलॅस्टिकच्या पट्ट्यातल्या पिशवीत, पाठीच्या खळग्यात. प्रवेशात मागे पडण्याचा किंवा सोफ्यावर आपटण्याचा विनोद असेल तर ती कुशीला सरकवायची. नऊवारीच्या आत घाम भयंकर येतो. डबी क्लिंग फिल्ममध्ये किंवा कोरड्या कंडोममध्ये गुंडाळली तर घाम आत जात नाही. सेल दर प्रयोगाला नवे घालायचे, अर्धे वापरलेले तालमीला ठेवायचे. मध्यंतरात माइकचं टोक टिश्यूने टिपायचं. घामाचा एक थेंब तिथे बसला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, आणि ध्वनिसंयोजक बिचारा यंत्रावर कारण शोधत राहतो.

वेशभूषेत दमाचं माप घ्यायला शिंपी विसरतात. ब्लाउजचं माप पूर्ण श्वास भरून द्या आणि दीड-दोन इंच माया आत ठेवायला सांगा. बगलेत ताणल्या जाणाऱ्या कापडाची पट्टी घातली तर हात वर करतानाही छाती मोकळी राहते. कमरपट्टा आवळताना पोटात श्वास भरून धरायचा आणि मग आवळायचा. श्वास सोडून आवळलेला कमरपट्टा आरशात सुरेख दिसतो आणि पहिल्याच तानेत फास बसतो.

विंगेतला झटपट बदल जवळून बघण्यासारखा असतो. समूहाचं गाणं चालू आहे, हातात ४५ सेकंद आहेत. खुर्चीपुढे शिवलेली नऊवारी जमिनीवर तोंड उघडून ठेवलेली, पदर डावीकडे, त्याला सेफ्टीपिन आधीच अडकवलेली. नटी विंगेत येताच ध्वनिसंयोजक माइक बंद करतो. ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असलंच पाहिजे, नाहीतर विंगेतलं सगळं बोलणं हॉलला ऐकू जातं. कपडेपट सांभाळणारी ताई मागून आधीच्या साडीचे हूक काढते, नटी दोन पाय उचलून नव्या नऊवारीत टाकते, ताई कमरेला हूक लावते, पदर खांद्यावर येतो, पिन बसते. वेल्क्रो वापरायचा तर तो उघडताना गाणं जोरात असलं पाहिजे, कारण त्याचा फर्र आवाज समोरच्या माइकमध्ये जातो. डबी आणि वायर यांना कुणीही हात लावायचा नाही. मग नटी खुर्चीवर बसते आणि दुसरी मदतनीस घुंगरांच्या पट्ट्या पायांना बांधते. नटीने स्वतः वाकून त्या बांधू नयेत. वाकलं की पोट दाबलं जातं, आणि हेच दहा सेकंद लांब श्वास सोडायला मिळालेले असतात. गजरा कृत्रिम, चापावर बसवलेला. खऱ्या गजऱ्याची फुलं रंगमंचावर पडतात आणि त्यावरून पाय घसरतो. घुंगरांचंही तेच, सुटा झालेला एक घुंगरू पायाखाली आला तर घोटा मुरगळतो. म्हणून दर प्रयोगाआधी पट्टीवरचा प्रत्येक घुंगरू ओढून बघायचा. घुंगरू घालून संवाद म्हणायचे असतील तर पाय निश्चल हवेत. पंच लाइनच्या क्षणी एक पाय हलला तर शब्द झाकला जातो.

गावागणिक रंगमंच बदलतो. तालीम ज्या मापावर झाली ते माप फार थोड्या ठिकाणी मिळतं. पुण्याच्या बालगंधर्वसारख्या प्रशस्त रंगमंचावर आठ जणांची रांग आरामात नाचते. तालुक्याच्या सभागृहात तीच रांग विंगेत घुसते. म्हणून समूहाचा नाच दौऱ्यातल्या सगळ्यात लहान रंगमंचाच्या मापावर बसवावा, मोठ्यावर तो फुगवता येतो. पोचल्यावर मेकअपला बसण्याआधी नाचातल्याच पादत्राणांनी, किंवा अनवाणी नाच असेल तर अनवाणी, संपूर्ण रंगमंच चालून बघा: वर आलेले खिळे, फळ्यांतल्या फटी, जाजमाच्या घड्या. पुढच्या कडेपासून दोन फुटांवर पांढरी पट्टी चिकटवा. स्पॉट डोळ्यांवर आला की कडा दिसत नाही.

कोकणात आणि गोव्यात उघड्यावरचे प्रयोग होतात, त्यांचे नियम निराळे. छप्पर नसल्याने हशा वर निघून जातो. प्रेक्षक तेवढेच हसत असतात, आपल्याला कमी ऐकू येतं, आणि मग नटमंडळी आवाज चढवतात. चढवू नका, समोरच्या तीन रांगांचे चेहरे बघा. दिव्यांवर किडे येतात, त्यामुळे गाताना श्वास नाकाने घ्यावा. रात्री दव पडतं, रंगमंच निसरडा होतो, मध्यंतरात कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.

प्रवासात आवाज सगळ्यात जास्त खराब होतो तो गप्पांनी. बसच्या घरघरीवर बोलायचं म्हणजे नकळत ओरडायचंच असतं, आणि गाण्याच्या भेंड्या तर त्याहून वाईट. प्रयोगाला जाताना भेंड्या नकोत, परतताना हव्या तर खेळाव्यात. एसीचा झोत तोंडावर येऊ देऊ नये. घाटात मळमळू नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी घसा सुकतो, झोपही येते. प्रयोगाच्या दिवशी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. ॲस्पिरिनचंही तसंच, ते घेऊन जोर लावून गायल्यास स्वरतंतूंत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

जेवणाची वेळ दौऱ्यात उलटीपालटी होते. साडेआठचा प्रयोग साडेअकराला संपतो, बाराला ढाबा, साडेबाराला बसमध्ये आडवं. तर्रीचा रस्सा खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज घोगरा निघतो. लोक त्याला जागरण म्हणतात, खरं कारण पुष्कळदा पित्त असतं. मुख्य जेवण संध्याकाळी पाचच्या सुमारास, प्रयोगानंतर मऊ खिचडी किंवा भात, आणि निदान दोन तास डोकं उंच ठेवून बसणं, एवढं पाळलं तर पुष्कळ फरक पडतो. प्रयोगाआधी पाच मिनिटं पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत खालून वर, वरून खाली सूर फिरवा. स्वरतंतूंवर ताण न येता आवाज मोकळा होतो. वाफ घ्यायची तर साध्या पाण्याची, बाम घालून नको, त्याने थंड वाटतं पण घसा चुरचुरतो. सारखं खाकरू नका, कुजबुजू नका, विश्रांती म्हणजे पूर्ण गप्प.

पाण्याबद्दल कळकळीने सांगायचं आहे. आवाजाला दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी लागतं, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि नट्या पाणी पीत नाहीत, कारण कित्येक ठिकाणी मेकअप रूमजवळचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसतं आणि नऊवारीत जाणं अवघड असतं. यातून मूत्रमार्गाचे विकार होतात, आवाज जातो तो वेगळाच. दौरा आखतानाच व्यवस्थापकाने ठेकेदाराकडून स्वच्छतागृह साफ करून घेणं करारात लिहावं, आणि तशी अट घालणाऱ्या मुलीला कुणी नखरेल म्हणू नये. शिंप्याकडून नऊवारीला कमरेला लवकर सुटणारे हूक लावून घेतले तर तेही सोपं होतं.

एवढं करूनही आवाज बसतो. तेव्हा काय गाळायचं हे आधी ठरलेलं असावं: आधी ताना आणि वरच्या जागा, मग दुसरा अंतरा, मग नाच निम्मा. संवाद शेवटपर्यंत राहतात, कारण गोष्ट त्यांवर उभी आहे. ट्रॅकमध्ये आवाजासकट एक मुद्रण आणीबाणीसाठी असावं. ते वापरायला माझी हरकत नाही, पण दर प्रयोगाला वापरलं की नटीचे ओठ आणि दम यांचा मेळ सुटतो, आणि प्रेक्षकाला ते कळतं. रिप्लेसमेंट समूहातल्याच मुलीला तयार करावी, तिला लय आणि जागा पाठ असतात, फक्त पट्टी बघावी लागते. नाइट, म्हणजे मानधन, प्रयोगागणिक मिळते म्हणून बसलेल्या आवाजावर गाणाऱ्या मुली आहेत. आजारपणातल्या दोन-तीन नाइटचं निम्मं मानधन तरी निर्मात्याने द्यावं, असं मला ठामपणे वाटतं. रिप्लेसमेंटचा खर्च त्याला तसाही पडतो, पण नायिकेचा गळा महिनाभर बंद पडण्यापेक्षा तो कमीच असतो.

घोगरेपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यावेत. गाठी नुकत्या धरल्या असतील तर विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामाने बहुधा बसतात. एक तपासणी दौरा सुरू होण्याआधी, आवाज चांगला असतानाही करून ठेवावी. निरोगी स्वरतंतूंचं चित्र फाइलमध्ये असलं की नंतर दिसलेली सूज जुनी की नवी, हे डॉक्टरांना लगेच सांगता येतं.